कोयीचा साकुरा: यामाझाकुरा कसा वाढवायचा, आणि नाशिकच्या कुंडीत तो का येत नाही

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. मधले "अं... म्हणजे" आणि मागे वाजलेल्या कुकरच्या तीन शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

बसमध्ये, लोकलमध्ये, जिममध्ये, जिथे असाल तिथे इयरफोन नीट बसवा. आज झाडाबद्दल बोलायचंय.

गेल्या महिन्यात दोन मेसेज आले. पहिला नाशिकहून, कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मैत्रिणीचा: "दादा, मी ऑनलाइन जपानी साकुराच्या वीस बियांचं पाकीट मागवलं. कुंडीत लावल्या. दीड महिना झाला, काहीच उगवलं नाही. माझं काय चुकलं?"

दुसरा जपानमधून, इबाराकी प्रांतातून. एका मराठी जोडप्याने तिकडे गावाकडचं जुनं घर घेतलंय, अंगण मोठं आहे. ते लिहितात: "लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला साकुरा लावायचाय. नर्सरीत गेलो तर पन्नास प्रकार. कोणता घेऊ?"

दोघांचे प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींचं उत्तर एकाच झाडात आहे. त्याचं नाव यामाझाकुरा. यामा म्हणजे डोंगर. साकुरा तुम्हाला माहीतच आहे. दोन शब्द जोडताना 'सा'चा 'झा' होतो, आपल्या संधीसारखं. म्हणजे डोंगरातली चेरी, रानचेरी. शास्त्रीय नाव प्रुनस जमासाकुरा.

आधी माझी फजिती

नाशिकच्या मैत्रिणी, तू एकटी नाहीस. मीही हेच पाकीट मागवलं होतं. टोकियोत दोन वर्षं प्रोजेक्टवर काढून पुण्याला परत आलो आणि साकुराची आठवण यायला लागली. पाकिटावर गुलाबी झाडाचा फोटो, आत सब्जासारख्या बारीक काळ्या बिया. मी आईच्या तुळशीशेजारी कुंडी ठेवून रोज पाणी घातलं. तीन आठवड्यांनी काहीतरी उगवलं, मी स्टेटस टाकलं, लोकांनी अभिनंदन केलं. आईने कुंडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा राजगिरा आहे."

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. चेरी हे कोयीचं फळ आहे. तिची बी म्हणजे बोराच्या बीसारखी कठीण कवचाची गोळी असते. यामाझाकुराची बी लहान, मिरीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. पाकिटात मोहरी, सब्जा किंवा राजगिऱ्यासारखं काही निघालं तर तिथेच थांबा, ती चेरी नाही. आणि अगदी खरी बी निघाली तरी ती सुकून कडक झालेली असेल आणि थंडीतून गेलेली नसेल तर दीड महिन्यात काही होणार नाही. का, ते पुढे सांगतो.

टोकियोतलं झाड आणि डोंगरातलं झाड

२०२३ च्या मार्चमध्ये मी निशिकासाईला राहत होतो. तिथे भारतीयांची वस्ती मोठी आहे, खाली उतरलं की मेथी मिळते. त्या वर्षी टोकियोत साकुरा १४ मार्चला फुलल्याचं जाहीर झालं. जाहीर झालं म्हणजे शब्दशः जाहीर. यासुकुनी मंदिराच्या आवारात हवामान खात्याचं एक ठरलेलं झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की माणूस येऊन मोजतो, कॅमेरे लागतात आणि बातमी होते. पुढच्या वर्षी तीच बातमी २९ मार्चला आली. पंधरा दिवसांचा फरक!

मला गंमत वाटायची ती वेगळीच. एका रस्त्यावरची शंभर झाडं एकदम फुलतात आणि एकदम झडतात. रंग तोच, आकार तोच. जणू कोणीतरी कॉपी-पेस्ट केलंय.

आणि खरंच केलंय. शहरातली बहुतेक झाडं सोमेई योशिनो या एकाच वाणाची आहेत. एदो काळाच्या शेवटाला, आजच्या टोकियोतल्या सोमेई नावाच्या गावातल्या माळ्यांनी तो बाजारात आणला. एदोहिगान आणि ओशिमाझाकुरा या दोन जातींचा हा संकर. पानं यायच्या आधी भरभरून फुलतो आणि वेगाने वाढतो, म्हणून देशभर शाळा, नदीकाठ, स्टेशनं सगळीकडे लागला. पण तो बीपासून लावत नाहीत. एकाच झाडाच्या काड्या घेऊन कलमं करतात. डीएनए तपासणीतूनही हेच दिसलंय की देशभरातली सोमेई योशिनोची झाडं म्हणजे मुळात एकच झाड आहे, लाखो जागी उभं असलेलं.

दुसऱ्या वर्षी माझे एक वयस्कर सहकारी म्हणाले, "तुम्ही अजून खरा साकुरा बघितलाच नाही." ते नारा प्रांतातले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते मला योशिनोच्या डोंगरावर घेऊन गेले.

योशिनोत सुमारे ३०,००० झाडं आहेत असं सांगतात, त्यातली बहुतेक यामाझाकुरा. डोंगराचे चार टप्पे आहेत: खालचा, मधला, वरचा आणि आतला. खाली फुलं झडायला लागलेली असतात तेव्हा सर्वांत आतल्या भागात कळ्याही उघडलेल्या नसतात. १५९४ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने इथे हजारोंच्या लवाजम्यासह फुलं पाहण्याचा सोहळा केला होता. पण ही झाडं लावली भाविकांनी. झाओ गोंगेन या देवतेची मूर्ती चेरीच्या लाकडात कोरली अशी श्रद्धा आहे, म्हणून यात्रेकरू शतकानुशतकं इथे रोपं अर्पण करत आले.

मी जवळ जाऊन पाहिलं आणि आधी काही समजेचना. इथे फुलांबरोबरच कोवळी पानंही येतात. एका झाडाची पालवी तांबूस, अगदी आंब्याच्या कोवळ्या पानांसारखी. शेजारच्याची हिरवट, त्याच्या पलीकडच्याची तपकिरी. एकाचं फूल पांढरंशुभ्र, दुसऱ्याचं किंचित गुलाबी. एक झाड पूर्ण फुललेलं, त्याला खेटून उभं असलेलं अजून अर्धं झोपेत. दोन झाडं सारखी सापडेनात.

मी सहकाऱ्यांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "ही मिशो आहेत." मिशो म्हणजे बीपासून उगवलेली. कलमाला ते त्सुगिकी म्हणतात.

रायवळ आणि हापूस

हे ऐकताच माझ्या डोक्यात दिवा लागला, कारण ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. फक्त वेगळ्या नावाने.

माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यातलं. तिथे दोन प्रकारचे आंबे. हापूस, तो कलमी. कुठल्याही बागेतला हापूस घ्या, तो हापूसच, कारण सगळी कलमं एकाच वाणाची. आणि दुसरा रायवळ, कोयीपासून आलेला. रायवळाच्या प्रत्येक झाडाची चव वेगळी, म्हणून प्रत्येक झाडाला वेगळं नाव. आजीकडे एक होता खोबऱ्या, एक शेंदऱ्या. खोबऱ्याचं लोणचं व्हायचं, शेंदऱ्या चोखून खायचा.

सोमेई योशिनो म्हणजे साकुराचा हापूस. यामाझाकुरा म्हणजे रायवळ.

आता थोडं शास्त्र, कारण पुढे लावायच्या वेळी हे लागणार आहे. चेरीच्या बहुतेक जाती स्वतःच्याच परागाने फळ धरत नाहीत. फुलाच्या आत एक तपासणी असते, लॉगिनसारखी, पण उलटी. पराग आत उतरायला लागला की फूल त्याची ओळख तपासतं. ओळख स्वतःशीच जुळली तर एक विकर त्या परागनळीची वाढ थांबवतं. ओळख वेगळी असेल तरच प्रवेश. म्हणजे बी तयार व्हायला दोन वेगळी झाडं लागतातच, आणि प्रत्येक बी हे नवं मिश्रण असतं.

सोमेई योशिनोच्या शंभर झाडांची रांग असली तरी ओळख एकच. त्यामुळे ती एकमेकांपासून फळ धरत नाहीत. कुठे फळ दिसलंच तर जवळच्या दुसऱ्या जातीचा पराग मधमाशीने आणलाय असं समजा.

मग फरक काय पडतो?

तुम्ही म्हणाल, दिसायला छान आहे ना, मग कॉपी असली म्हणून काय बिघडलं? आम्ही सॉफ्टवेअरवाले याला एका शब्दात उत्तर देतो: सगळे सर्व्हर एकाच व्हर्जनवर असले की एकच बग सगळ्यांना झोपवतो.

झाडांमध्ये हे दिसतं. तेंगुसू नावाचा एक बुरशीजन्य रोग आहे. फांदीवर झाडूसारखा काड्यांचा गुच्छ येतो, त्या गुच्छावर फुलं येत नाहीत आणि हळूहळू फांदी मरते. सोमेई योशिनो त्याला पटकन बळी पडतो, यामाझाकुरा त्या मानाने टिकतो. शहरात लावलेली सोमेई योशिनोची पुष्कळ झाडं साठ-सत्तर वर्षांत थकतात. काळजी घेतली तर जास्तही जगतात. हिरोसाकीच्या किल्ल्यात १८८२ मध्ये लावलेलं झाड अजून फुलतं, कारण तिथले माळी सफरचंदाच्या बागेसारखी छाटणी करतात. पण रानचेरीचा आवाकाच वेगळा. फुजिनोमियाजवळ कारियादो इथे एक यामाझाकुरा आहे, तो आठशे वर्षांहून जुना मानतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. क्योतोत नवव्या शतकापासूनच्या रोजनिशी आणि बखरी आहेत. राजे, सरदार, भिक्खू यांनी फुलं कधी बहरली ते लिहून ठेवलंय. यासुयुकी आओनो या संशोधकांनी या नोंदी जमवून ८१२ सालापासूनची यादी तयार केली. ती यादी यामाझाकुराची आहे, कारण सोमेई योशिनो तेव्हा नव्हताच. शेकडो वर्षं पूर्ण बहर साधारण एप्रिलच्या मध्याला यायचा. २०२१ मध्ये तो २६ मार्चला आला. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख २७ मार्च, आणि ती १४०९ ची. बाराशे वर्षांचा लॉग आणि विक्रम आपल्या डोळ्यांसमोर मोडला.

तापमान वाढलं की झाड पळू शकत नाही, पण बी पळू शकते. यामाझाकुराचा एक जवळचा नातेवाईक आहे, कासुमिझाकुरा. त्याची फळं काळी अस्वलं खातात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात दिसलं की अस्वलं त्या बिया डोंगरात सरासरी सुमारे ३०० मीटर वर नेऊन टाकतात. कारण साधं आहे. अस्वल वसंताच्या मागे मागे डोंगर चढतं, खालचं खातं आणि वर जाऊन... बाकी तुम्ही समजून घ्या. म्हणजे ती बी आपोआप थंड जागी पोचते. कलम कुठे जाणार? त्याला माणूस नेईल तिथेच.

आता लावूया: इबाराकीच्या दादा-वहिनींसाठी

दादा, वहिनी, तुमचं नशीब चांगलं. तुमच्याच प्रांतात साकुरागावा आहे. जपानमध्ये म्हणतात, पश्चिमेला योशिनो, पूर्वेला साकुरागावा. तिथले यामाझाकुरा राष्ट्रीय संरक्षित आहेत. टोकियोजवळ कोगानेईला १७३७ च्या सुमारास कालव्याच्या काठाने जी झाडं लावली, ती योशिनोतून आणि तुमच्या साकुरागावातून नेलेली रानचेरीच होती. तेव्हा यामाझाकुराच लावा, आणि शक्यतो तुमच्याच भागातला.

एक: जागा. हे पहिलं, कारण नंतर बदलता येत नाही. हे झाड १५ ते २५ मीटर उंच होतं. घरापासून, विजेच्या तारांपासून, शेजाऱ्याच्या भिंतीपासून निदान सात-आठ मीटर लांब. दिवसभर ऊन हवं. पाणी साचणारी जागा नको, चेरीची मुळं पाण्यात कुजतात. अंगण लहान असेल तर हा नाद सोडा आणि बुटकी जात घ्या, राग मानू नका.

दोन: बी की रोप? घाई असेल तर नर्सरीतून मीटरभर उंचीचं रोप घ्या, पण विचारून: मिशो की त्सुगिकी? रानचेरीतही कुणी खास झाडाचं कलम विकतं. ते वाईट नाही, फक्त काय घेतोय ते माहीत असावं. पण लेक एक वर्षाची आहे आणि तुमच्याकडे वेळ आहे. माझा सल्ला, बी लावा.

तीन: फळं कधी, कुठून? एप्रिलमध्ये फूल, मे अखेर ते जूनमध्ये फळ. आधी लाल, मग जांभळट काळं. काळं झालेलंच घ्या. चव कडवट असते, खाण्याच्या आशेने जाऊ नका. संरक्षित झाडाखालून किंवा मंदिराच्या आवारातून उचलू नका; कुणाच्या खासगी रानातून, विचारून घ्या. आणि जवळपास सोमेई योशिनोची रांग असेल तर तिथली नको. मघाची लॉगिनची गोष्ट आठवा. रानचेरीच्या फुलाला शहरी चेरीचा पराग चालतो आणि बी संकरित निघते.

चार: धुणं. गर पूर्ण काढून टाका, कारण गर उगवण रोखतो. निसर्गात हे काम पक्षी करतात, इथे तुमची बोटं. धुतलेल्या बिया पाण्यात टाका. तरंगतात त्या बहुधा पोकळ, त्या काढा. उन्हात वाळवू नका. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण आपल्याला बी म्हटलं की वाळवायची सवय.

पाच: थंडी. चेरीची बी लगेच उगवत नाही, आत एक कुलूप असतं. जूनमध्ये पडलेली बी जुलैत उगवली तर कोवळं रोप हिवाळ्यात मरेल, म्हणून ती आधी हिवाळा जाण्याची वाट बघते. दोन-तीन महिने ओलसर थंडी मिळाली की कुलूप उघडतं.

तुमच्याकडे खरा हिवाळा आहे, त्यामुळे सोपा मार्ग घ्या. जूनमध्येच कुंडीत एक-दोन सेंटिमीटर खोल बिया पेरा, वर उंदरांपासून वाचवायला बारीक जाळी लावा, कुंडी सावलीत बाहेर ठेवा आणि माती सुकू देऊ नका. बाकी काम हिवाळा करेल. माती तिकडच्या दुकानात मिळते: सात भाग आकादामा आणि तीन भाग फुयोदो, म्हणजे कुजलेल्या पानांचं खत.

दुसरा मार्ग फ्रिजचा. ओलसर वाळूत बिया मिसळा, भोकं पाडलेल्या पिशवीत भरा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नाही. पंधरा दिवसांनी एकदा बघा, बुरशी आली असेल ती बी काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा. पिशवीवर नाव लिहा, नाहीतर घरी कुणीतरी मसाला समजून फोडणीत टाकेल.

सहा: पहिली दोन वर्षं. मार्च-एप्रिलमध्ये अंकुर येतात. सगळ्या बिया एकाच वर्षी येत नाहीत; काही पुढच्या वसंतात येतात, म्हणून कुंडी फेकू नका. पहिल्या उन्हाळ्यात दुपारच्या कडक उन्हापासून थोडी सावली द्या. पानं गळाल्यानंतर, डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीला, रोप झोपेत असताना जमिनीत लावा. खड्डा मुळांपेक्षा रुंद, पण रोप कुंडीत जितकं खोल होतं तितकंच. काठीचा आधार आणि पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी चुकवू नका. जवळ रान असेल तर जाळीचं कुंपण हवं, हरणं कोवळा शेंडा सोडत नाहीत.

सात: छाटणी. जपानीत एक म्हण आहे: चेरी कापणारा मूर्ख आणि प्लम न कापणाराही मूर्ख. चेरीची जखम लवकर भरत नाही, तिथून कूज आत शिरते. म्हणून वाळलेली, एकमेकींना घासणारी किंवा तेंगुसूचा गुच्छ आलेली फांदीच कापा, तीही हिवाळ्यात, आणि कापलेल्या जागी मलम लावा. मघाशी हिरोसाकीचं उदाहरण दिलं, तिथे छाटतात, पण ते जाणकार आहेत. आपण नाही.

आठ: किडे. बुंध्याशी ओल्या भुशाचा लगदा पडलेला दिसला तर सावध व्हा. लाल मानेचा काळा चकचकीत भुंगेरा आहे, परदेशातून आलेला, त्याची अळी खोड आतून पोखरते. जपानने २०१८ मध्ये त्याला घातक परकी जात म्हणून जाहीर केलंय. दिसला तर फोटो काढा आणि पालिकेला कळवा. जिवंत पकडून इकडेतिकडे नेणं कायद्याने बंद आहे.

नऊ: वाट बघणं. बीपासून लावलेलं झाड फुलायला साधारण पाच ते दहा वर्षं घेतं. म्हणजे लेक शाळेत जायला लागेल तेव्हा. रंग कसा असेल, पालवी तांबूस की हिरवी, ते तेव्हाच कळेल. जगात तसं दुसरं झाड नसेल. तीन-चार रोपं लावा, एखादं मरतंच.

नाशिकच्या मैत्रिणीसाठी

आता तुझा प्रश्न. समजा तुला खरी बी मिळाली. फ्रिजमध्ये ठेवून ती नाशिकला उगवेलही. बीचं कुलूप फ्रिज उघडतो. पण झाडाला दरवर्षी तोच हिवाळा लागतो. चेरीच्या फुलांच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि शरदात झोपी जातात. कित्येक आठवडे सलग थंडी मिळाली तरच त्या जाग्या होतात. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पण दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस. कळीला कळतच नाही की हिवाळा आला होता की नाही. अशा ठिकाणी झाड जगलंच तर कसंबसं जगतं, फुलत नाही. महाबळेश्वरची थंडीही त्याला पुरत नाही. बी फ्रिजमध्ये मावते, वीस मीटरचं झाड नाही मावत.

आणि कुणी मित्र जपानहून येताना खिशात बिया घालून आणतो म्हणाला तर नको म्हण. बाहेरून बी किंवा रोप आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे. मघाचा भुंगेरा जपानमध्ये परकाच होता, हे विसरू नको.

चेरी बघायचीच असेल तर आपल्या देशातही रानचेरी आहे. हिमालयात तिला पद्म म्हणतात, गढवालात पय्यां. ती वसंतात फुलत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास फुलते. नोव्हेंबरमध्ये शिलाँगला गेलीस तर रस्ते गुलाबी दिसतील. तिकीट जपानपेक्षा बरंच स्वस्त.

जाता जाता

३ जून २०२०. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आजोळच्या वाडीतली निम्मी झाडं पडली. हापूसची पडली, त्याचं दुःख झालं, पण पुढच्या पावसाळ्यात मामाने रोपवाटिकेतून नवी कलमं आणली. तोच हापूस परत आला.

खोबऱ्याही पडला. आजी दोन दिवस त्याच्या बुंध्यापाशी जाऊन बसायची. मामा म्हणाला, "आई, दुसरा आणू." ती म्हणाली, "कुठून आणशील?" खरंच, कुठून आणणार? त्याचं कलम कुणी बांधलं नव्हतं. त्याच्या कोयी आम्ही इतकी वर्षं खाऊन उकिरड्यावर टाकल्या होत्या.

योशिनोच्या डोंगरावर मला तीच गोष्ट आठवली. तिथेही म्हातारी झाडं पडतात. पण गावातली माणसं दर उन्हाळ्यात बिया गोळा करतात आणि रोपं वाढवून मोकळ्या जागी लावतात. पडलेलं झाड परत येत नाही, हे त्यांना माहीत आहे. त्याची मुलं मात्र उभी राहतात, आणि डोंगर फुलायचा थांबत नाही.

हे सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या आजीच्या झाडाला नाव होतं. आमच्या या ३०,००० मधल्या बहुतेकांना नाही."

तर नाशिकच्या मैत्रिणी, तुझी कुंडी रिकामी आहे ना? पुढच्या मे महिन्यात गावाला गेलीस की जो रायवळ तुला सगळ्यात आवडतो, त्याच्या दोन कोयी आण. कोयीला फ्रिज लागत नाही. उलट आंब्याची कोय ताजी असतानाच लावायची, पंधरा-वीस दिवसांत कोंब दिसतो. रोप गुडघ्याएवढं झालं की कुंडीतून काढून जमिनीत हलव. आंबा अगदी खोबऱ्यासारखा लागणार नाही. तो त्याचा स्वतःचा असेल, नाव तू ठेव.

आणि दादा-वहिनी, पहिलं फूल आलं की फोटो पाठवा. पाच वर्षांनी पाठवा, दहा वर्षांनी पाठवा, मी इथेच आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!